वाचकांचे प्रश्न : नायलॉनच्या थ्रीडी प्रिंटवर चकचकीत रंग

प्रश्न : एका उपकरणाची पेटी मी नायलॉनच्या भुकटीपासून लेझर पद्धतीने थ्रीडी प्रिंट करून घेतली. तिच्यावर स्प्रेच्या डब्यातील चकचकीत काळ्या रंगाचे तीन हात दिले, तरी ती पुठ्ठ्यासारखी कोरडीच दिसते. मग २२० नंबरच्या सँडपेपरने घासून पाहिले, तर सगळीकडे बारीक लव उभी राहिली. माझा रंग चुकला की प्रिंट?

उत्तर : रंगही ठीक आहे आणि प्रिंटही, त्या दोहोंच्या मधले थर तेवढे राहून गेले आहेत. हे थर कशासाठी लागतात ते समजून घेण्यासाठी आपल्या पेटीचा पृष्ठभाग कसा तयार झाला ते आधी पाहावे लागेल. एसएलएस, म्हणजे आपण वापरलेल्या लेझरच्या पद्धतीत नायलॉन १२ या प्रकारच्या नायलॉनची भुकटी सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीच्या थरांनी पसरली जाते आणि लेझरचा किरण आराखड्याप्रमाणे हव्या त्या जागी ती वितळवतो. भुकटीचा कण सरासरी ५० ते ६० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या जवळपास असतो. वितळलेल्या कडेला लागून असलेले कण धड वितळत नाहीत आणि धड सुटेही राहत नाहीत. ते अर्धवट चिकटून बसतात आणि त्यांच्या मधल्या फटी आतपर्यंत गेलेल्या असतात. अशा पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा १० मायक्रॉनच्या आसपास असतो, आणि शिखरापासून दरीपर्यंत मोजले तर तो आकडा त्याच्या कित्येक पट भरतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन असल्याने अशा उंचसखल जागेवर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि डोळ्यांना ती जागा मॅट दिसते.

आता रंगाचा हिशेब पाहा. डब्यातील रंगाचा एक हात वाळल्यावर जेमतेम १० ते २० मायक्रॉन उरतो आणि त्यातील पातळ राळ फटींमध्ये शोषली जाते, त्यामुळे वर उरतो तो बहुतांशी कोरडा रंगकण. तीन हातांनी ही दरी भरणार नाही आणि दहा हातांनीही नीट भरणार नाही, कारण रंग दरीत भरतो तसाच शिखरावरही चढतो.

लव उभी राहण्याचे कारण वेगळे आहे. नायलॉन चिवट असते आणि घासताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने ते अधिकच मऊ पडते. पेपरवरचे कण त्याला लाकडासारखे तासत नाहीत, तर ओढून ताणतात आणि त्याचे तंतू उभे करतात. यापुढे बारीक पेपर घेतला तर लव अधिक बारीक होईल, एवढाच फरक पडेल. माझ्या मते या कामातील सर्वांत मोठी बचत एकाच निर्णयात आहे : नायलॉन घासायचे नाही, त्यावर कठीण आणि ठिसूळ असा थर चढवायचा आणि तो घासायचा. एपॉक्सी (दोन घटक मिसळून कडक होणारी राळ) किंवा फिलर प्रायमर (रंगाखाली देऊन खळगे भरणारा थर) पेपरखाली स्वच्छ पूड होऊन निघतो, म्हणून सपाटपणा त्याच थरात कमवता येतो.

आपल्या पेटीवर लव आधीच उभी राहिली आहे, तिचे काय करावे, हाही प्रश्न आपल्याला पडेल. ती कापून टाकण्याच्या मागे लागू नका. फटी बंद करणाऱ्या पहिल्या थराने, म्हणजे सीलरने, ती ताठ होऊन जागच्या जागी घट्ट बसेल, आणि ताठ झालेली लव ३२० नंबरच्या पेपरने सहज मोडते. जुना रंग मात्र आधी काढलेला असावा, कारण फटींमध्ये रंग असेल तर सीलर आत शिरत नाही.

प्रश्न : सील करण्यासाठी काही जण पातळ सुपरग्लू सांगतात, तर काही जण एपॉक्सी. यांपैकी काय निवडावे आणि ते लावावे कसे?

उत्तर : भागाच्या आकारावरून निवड करावी. तळहातात मावणारी, बारीक तपशिलांची वस्तू असेल तर पाण्यासारखा पातळ सायनोॲक्रिलेट, म्हणजेच सुपरग्लू, चालतो. तो फटींमध्ये क्षणात ओढला जातो आणि फार थोडी जाडी वाढवतो. त्याच्या खोडी मात्र ठाऊक असाव्यात. त्याची वाफ डोळ्यांना झोंबते आणि बंद जागेत आजूबाजूला पांढुरकी भुकटी होऊन बसते. वाळण्याची घाई करणारा फवारा जास्त मारला तर पृष्ठभाग फेसाळतो. आणि घासण्याचे काम त्याच दिवशी उरकले नाही तर पुढे तो इतका कडक होतो की पेपर घसरू लागतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा द्रव सुती कापडाने पुसू नये. कापसाच्या संपर्कात तो झपाट्याने तापतो आणि कापड धुरावण्यापर्यंत मजल जाते.

मोठ्या पेटीसाठी मी निःसंशय पातळ एपॉक्सी घेईन. काचतंतूंच्या कामात लॅमिनेटिंगसाठी वापरली जाणारी एपॉक्सी त्यासाठी योग्य असते. घट्ट, मधासारखी चिकटवण्याची एपॉक्सी नव्हे. भागातील सुटी भुकटी दाबाच्या हवेने आणि ताठ ब्रशने पूर्णपणे काढावी. कोपऱ्यांत, पट्ट्यांच्या बेचक्यांत आणि आरपार न जाणाऱ्या भोकांत ती हमखास उरते आणि उरलेली भुकटी म्हणजे पुढे सुटणाऱ्या रंगाचे बीजच होय. काचेच्या बारीक मण्यांचा मारा करण्याची सोय असेल तर तो सर्वांत उत्तम. त्यानंतर भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा आणि ६० ते ७० अंश सेल्सिअसला काही तास वाळवावा.

यापुढची युक्ती अगदी साधी आहे, पण फरक मोठा पडतो. भाग सुमारे ४० अंशांपर्यंत कोमट असतानाच त्यावर एपॉक्सी ब्रशने लावावी आणि तो खोलीच्या तापमानाला निवू द्यावा. निवताना फटींमधली हवा आकसते आणि राळेला आत ओढून घेते. याच्या उलट, गार भागावर राळ लावून मग तो तापवला तर तीच हवा प्रसरण पावते आणि राळेतून बुडबुडे काढत बाहेर येते. पाच ते दहा मिनिटांनी वर तरंगणारी जास्तीची राळ धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून घ्यावी. पुसून घेणे अनेकांना वाया घालवल्यासारखे वाटते. परंतु पुसली नाही तर ती कडांवर थेंब आणि खोलगट जागी तळी करते, आणि ती घासून काढण्यात सगळा दिवस जातो. दुसरा पातळ हात पहिला चिकट असतानाच, म्हणजे बोट टेकवल्यावर ठसा उमटावा पण राळ बोटाला लागू नये अशा अवस्थेत द्यावा.

किमान २४ तासांनी भाग कोमट पाण्याने व जाळीदार घासणीने धुवावा. अनेक एपॉक्सींच्या पृष्ठभागावर पक्के होताना मेणचट साय धरते. ती पाण्यात विरघळते, थिनरने मात्र नुसती पसरते. हे धुणे टाळून थेट पेपर मारला तर साय पेपरमध्ये गोळा होते आणि उरलेली प्रायमरच्या खाली अडकते. धुऊन, पूर्ण वाळवून मग ३२० नंबरच्या पेपरने हलके घासावे. या टप्प्यावर पृष्ठभाग गुळगुळीत व्हावा अशी अपेक्षा ठेवू नका. तो फक्त बंद झालेला असावा. एक थेंब पाणी टाकून पाहावे : थेंब जागीच उभा राहिला आणि त्याखालची जागा गडद झाली नाही, तर सीलिंग झाले.

प्रश्न : सील केल्यावर कोणता प्रायमर घ्यावा? माझ्याकडे धातूसाठीचा एच प्रायमर शिल्लक आहे.

उत्तर : तो बाजूला ठेवावा. एच प्रायमरमधील आम्ल धातूला चावे घेण्यासाठी असते. एपॉक्सीवर किंवा नायलॉनवर त्याला चावण्यासारखे काही मिळत नाही. आपल्याला हवा आहे तो जाड थर देणारा, दोन घटकांचा, म्हणजे हार्डनर मिसळायचा फिलर प्रायमर. तो एपॉक्सीचा असो वा युरेथेनचा. डब्यातील एक घटकाचा फिलर प्रायमरही चालतो, पण तो नुसता थिनर उडून वाळतो, त्यामुळे त्यावर पुढचा रंग पडला की तो पुन्हा मऊ होतो आणि पुढे कित्येक दिवस आकसत राहतो.

दोन ते तीन भरपूर हात द्यावेत, प्रत्येक हातामध्ये १० ते १५ मिनिटे थांबावे आणि रात्रभर पक्के होऊ द्यावे. मग प्रायमर करडा असेल तर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा दुरून मारावा. हा फवारा म्हणजे गाइड कोट. पाण्याच्या ४०० नंबरच्या पेपरने, पेपर सपाट ठोकळ्याला गुंडाळून, घासू लागले की उंचवट्यावरचे काळे ठिपके आधी जातात आणि खळग्यांतले राहतात. काळे पूर्ण नाहीसे झाले की जागा सपाट झाली असे समजावे. नुसत्या बोटांनी घासू नये, बोटे खळग्यात शिरतात आणि खळगा जसाच्या तसा खाली उतरतो. वक्र जागेसाठी रबराचा किंवा स्पंजचा ठोकळा घ्यावा. एसएलएस भागाच्या उतरत्या पृष्ठभागांवर थरांच्या बारीक पायऱ्या असतात आणि त्या नकाशावरील समोच्च रेषांसारख्या दिसतात. त्या याच टप्प्यावर काढायच्या असतात, पुढे त्यांना वाव नाही.

सुई टोचल्यासारखी छिद्रे दिसली तर त्यात बारीक लांबी (पुट्टी) दाबून भरावी, कारण छिद्रावर प्रायमर फवारला तर तो त्यावर पूल बांधतो आणि छिद्र आत तसेच राहते. घासताना एखाद्या कडेला नायलॉन उघडे पडले तर तिथे हात थांबवावा. पुढे घासल्यास पुन्हा लव येईल. तेवढ्या जागेला सीलरचा ठिपका द्यावा आणि मग प्रायमरचा एक-दोन हातांचा दुसरा फेरा करावा. शेवटी ६०० आणि ८०० नंबरचा पेपर. ओल्या प्रायमरवर तिरका प्रकाश टाकून दिव्याचे प्रतिबिंब पाहावे. पाणी असताना जे प्रतिबिंब दिसते ते साधारण आपल्या अंतिम चकाकीचे दर्शन असते. ते थरथरत असेल तर रंगानंतरही थरथरणारच.

प्रश्न : सील करून प्रायमर मारला आणि लवकर वाळावा म्हणून उष्णता दिली, तर जागोजागी फोड आले. असे का?

उत्तर : याची दोन कारणे संभवतात आणि त्यांतील कोणते लागू आहे ते फोड फोडून पाहिल्यास कळते. फोडाच्या तळाशी उघडे नायलॉन दिसले तर आतली हवा किंवा ओलावा बाहेर आला, म्हणजे सीलिंग अपुरे होते. फोड प्रायमरच्या जाडीतच असेल तर त्यातील थिनर अडकला होता. वरची साय आधी वाळली आणि खालच्या द्रवाला वाट राहिली नाही. पहिल्या प्रकारात मागे नायलॉनपर्यंत जावे लागते, दुसऱ्यात फोड घासून पातळ हात दिले तरी पुरते. माझ्याकडूनही अशी घाई एकदा झाली होती. आतून पोकळ असलेली एक मूठ मी बाहेरून उत्तम सील केली, आतून केली नाही आणि तापवली. आतल्या हवेला बाहेर पडण्याचा एकच मार्ग होता, तो माझ्या प्रायमरमधून. पोकळ भागाला न दिसणाऱ्या बाजूने एक भोक ठेवणे हाच त्यावर उपाय आहे.

प्रश्न : प्रायमर, रंग आणि क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) हे सर्व थर एकाच दिवशी नीट दिले. चकाकी पहिल्या दिवशी आरशासारखी होती, आठवड्याने मंदावली आणि खालचा पोत पुन्हा दिसू लागला. शिवाय काही भागांवर संत्र्याच्या सालीसारखी खरड आहे.

उत्तर : आपले प्रायमर, रंग आणि क्लिअर हे तिन्ही थर एकाच दिवशी झाले. चकाकी उतरण्याचे मूळ तेथेच आहे. खालच्या थरांतील थिनर उडण्यास वेळ लागतो. वर क्लिअर बसल्यावर तो त्यातून सावकाश बाहेर पडतो, खालचा थर आकसतो आणि जिथे प्रायमर अधिक जाड भरला होता तिथे, म्हणजे नेमका दऱ्यांवर, तो अधिक आकसतो. म्हणून जुना पोत उमटून येतो. आता दोन आठवडे तरी थांबावे, मग ८०० ते १००० नंबरच्या पेपरने क्लिअर सपाट करावा आणि पुन्हा क्लिअरचे दोन हात द्यावेत. मूळ रंगाचा थर उघडा पडला नाही तर तो पुन्हा देण्याची गरज नाही.

संत्र्याच्या सालीचे कारण फवारणीत आहे. क्लिअरचे थेंब पृष्ठभागावर पडून एकमेकांत मिसळण्याआधीच वाळू लागले की लहरी गोठतात. फवारणीची गन फार दूर असणे, हवा फार गरम असणे, थिनर फार जलद उडणारा असणे किंवा मिश्रण घट्ट असणे, यांपैकी काहीही यास कारण होऊ शकते. गन साधारण १५ ते २० सेंटिमीटर अंतरावर, पृष्ठभागाला समांतर चालवावी आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवावा. क्लिअरचा पहिला हात मध्यम आणि त्यानंतरचे दोन पूर्ण ओले, असा क्रम मला रुचतो. पहिला हात पकड देतो, त्यामुळे पुढच्या ओल्या हाताला ओघळ कमी येतात. आलेली साल पूर्ण पक्क्या झालेल्या क्लिअरवर १५००, २००० आणि ३००० नंबरच्या पाण्याच्या पेपरने काढून रबिंग कंपाउंडने चमक आणता येते. दोन-तीन हातांच्या क्लिअरची जाडी साधारण ५० ते ६० मायक्रॉन असते. सपाट करताना त्यातले थोडेच मायक्रॉन जावेत आणि कडांवर पेपर जवळजवळ नेऊच नये, कारण तिथे थर सर्वांत पातळ असतो.

हार्डनर असलेल्या युरेथेन क्लिअरची चकाकी आणि टिकाऊपणा एक घटकाच्या क्लिअरपेक्षा अधिक असतो, हे खरे; तरीही त्याबद्दल एक इशारा द्यायलाच हवा. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याच्या फवाऱ्याने एकदा संवेदनशीलता आली की पुढे अत्यल्प प्रमाणही दम्याचा झटका आणू शकते, आणि वास येईपर्यंत सुरक्षित मर्यादा ओलांडलेली असते. म्हणून कोळशाच्या साध्या मास्कवर विसंबणे चूक आहे. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा, हातमोजे, अंग झाकणारे कपडे आणि दूषित हवा बाहेर काढणारी जागा असेल तरच हे काम करावे, किंवा तेवढे एक काम गाड्यांच्या रंगकामाच्या बूथमध्ये करवून घ्यावे. हे शक्य नसेल तर एक घटकाचा ॲक्रिलिक क्लिअर पातळ अनेक हातांनी द्यावा. तो पेट्रोल आणि थिनरपुढे टिकत नाही, पण त्यालाही उत्तम पॉलिश येते.

प्रश्न : नायलॉनला रंग चिकटत नाही असे ऐकले आहे. रंग नीट बसला की नाही हे आधी कसे तपासावे?

उत्तर : भुकटीच्या नायलॉनबाबत ही भीती अर्धीच खरी आहे. जो खडबडीतपणा चकाकीच्या मुळावर येतो, तोच एपॉक्सीला शेकडो मुळे रोवण्याची जागा देतो. त्यामुळे पापुद्रे निघाले तर संशय आधी उरलेली भुकटी, तेलकट हात, सिलिकॉनयुक्त पॉलिश आणि ओलावा यांवर घ्यावा.

तपासणीसाठी त्याच प्रिंटमधील एक चपटा तुकडा सोबत रंगवावा. आयएसओ २४०९ या प्रमाणपद्धतीत धारदार पात्याने एका दिशेला सहा आणि तिला काटकोनात सहा समांतर चिरा खालपर्यंत देतात. थर ६१ ते १२० मायक्रॉनचा असेल तर चिरांतील अंतर २ मिलिमीटर आणि १२१ ते २५० मायक्रॉनचा असेल तर ३ मिलिमीटर ठेवतात. त्यावर चिकटपट्टी दाबून ओढतात आणि किती चौकोन सुटले ते पाहून ० ते ५ अशी श्रेणी देतात, ज्यात ० म्हणजे काहीही न सुटणे. आपल्याला श्रेणीपेक्षा सुटलेल्या चौकोनाची पाठ अधिक सांगेल : पाठीला पांढरी भुकटी असेल तर सफाई चुकली, ती चकचकीत असेल तर दोन थरांमध्ये पेपर मारायचा राहिला.

प्रश्न : एबीएस या प्लॅस्टिकच्या प्रिंटप्रमाणे ॲसिटोनच्या वाफेने नायलॉन गुळगुळीत करता येईल का?

उत्तर : नाही. ॲसिटोन एबीएस विरघळवतो, नायलॉनला तो जवळजवळ काहीच करत नाही. नायलॉन विरघळवणारी द्रव्ये, उदाहरणार्थ क्रेसॉल किंवा संहत फॉर्मिक आम्ल, घरगुती कामासाठी धोकादायक आहेत. वाफेने नायलॉन गुळगुळीत करणारी बंद औद्योगिक यंत्रे आहेत आणि तशी सेवा मिळत असल्यास आपले सीलिंगचे बरेचसे काम वाचते, मात्र तशा गुळगुळीत झालेल्या पृष्ठभागावर पकडीसाठी बारीक पेपर फिरवावाच लागतो.

प्रश्न : माझा भाग भुकटीचा नसून नायलॉनच्या तारेपासून (फिलामेंटपासून) केला आहे. हीच पद्धत चालेल का?

उत्तर : क्रम तोच, अडचणी वेगळ्या. तारेच्या प्रिंटमध्ये पृष्ठभाग सच्छिद्र नसतो, त्यामुळे राळ आत शिरत नाही आणि पकड आपल्यालाच निर्माण करावी लागते. येथे नायलॉन न घासण्याच्या माझ्या वरच्या नियमाला अपवाद करावा : १८० ते २४० नंबरच्या पेपरने पृष्ठभाग मुद्दाम ओरखडावा, लव आली तरी चालेल, आणि प्लॅस्टिकसाठीचे पकड वाढवणारे द्रव्य लावून लगेच एपॉक्सी द्यावी. दुसरी अडचण पाण्याची. नायलॉन १२ पूर्ण भिजल्यावर वजनाच्या सुमारे दीड टक्का पाणी घेते, तर तारांमध्ये सर्रास आढळणारे नायलॉन ६ सुमारे ९ टक्के घेते आणि तेवढ्याने फुगते. म्हणून ते भरपूर वाळवून मगच सील करावे.

प्रश्न : रंगवल्यानंतर झाकण बसेना. आता काय करावे?

उत्तर : सीलर, प्रायमर, रंग आणि क्लिअर मिळून एका पृष्ठभागावर ०.१५ ते ०.३ मिलिमीटर जाडी सहज चढते. झाकणाच्या खाचेत दोन्ही बाजूंनी चढले तर सांधा दुपटीने आवळतो आणि भोकाचा व्यासही तेवढाच घटतो. सध्याच्या भागावर खाचेतील रंग ठोकळ्याला लावलेल्या ४०० नंबरच्या पेपरने कडेपासून आत, कधीही आतून कडेकडे नव्हे, असा घासून काढावा, म्हणजे दर्शनी कडेचा पापुद्रा उचलला जाणार नाही. पुढच्या वेळी आराखड्यातच ही जागा सोडावी आणि खाचा, स्क्रूची भोके, लवचीक कड्या व बिजागऱ्या प्रायमरपूर्वीच टेपने झाकाव्यात. कड्या आणि बिजागऱ्या झाकण्याचे कारण मापाचे नाही : नायलॉन वाकते, क्लिअर वाकत नाही, आणि पहिल्याच उघडझापीला तिथे बारीक भेगा पडतात.